सैतानाची शेपूट धरलेलं घराणं : ‘ल दियाब्ल पार ला क’ या फ्रेंच विनोदी सिनेमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा नेमका कोणता?

1969 साली आलेला, फिलिप द ब्रोका यांनी दिग्दर्शित केलेला रंगीत फ्रेंच सिनेमा. इंग्रजीत तो ‘द डेव्हिल बाय द टेल’ या नावाने ओळखला जातो. पडका वाडा, खिशात दमडी नसलेलं सरदार घराणं आणि चोरीचा माल घेऊन तिथे येऊन पडलेला एक भामटा, एवढंच त्याचं भांडवल. फ्रेंच शिकत असताना मी तो पहिल्यांदा पाहिला. भाषा निम्मीच कळत होती, तरी हसून पोट दुखलं. त्यानंतर भाषा जसजशी उमगत गेली तसतसा तो अधिकच आवडत गेला. मराठीत त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही आणि मित्रमंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एका जागी.

नावाचा अर्थ काय? आणि ते ‘क’ काय आहे?

‘सैतानाला शेपटीला धरून ओढणं’ हा फ्रेंचमधला जुना वाक्प्रचार आहे. अर्थ : हातातोंडाची गाठ पडण्याची मारामार असणं, महिनाअखेरीची ओढाताण. तो कुठून आला याची एक प्रचलित गोष्ट अशी, की सगळीकडून नाडलेला माणूस शेवटी सैतानाकडे मदत मागायला जातो. सैतानही पाठ फिरवून चालू लागतो. मग हा बिचारा त्याची शेपूट धरतो आणि ‘थांब रे बाबा’ म्हणून ओढत राहतो. आपल्याकडे ‘अडला हरी’ गाढवाचे पाय धरतो, तिकडे अडलेला माणूस सैतानाची शेपूट धरतो.

शेवटचा शब्द ‘क’ आणि ‘को’ यांच्या मधला, ओठ गोल करून म्हणायचा. त्याचा अर्थ शेपूट. आपण रेशनच्या दुकानापुढे जो ‘क्यू’ लावतो तो मूळचा हाच शब्द, इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलेला. रांग म्हणजे शेपूट, हे एकदा लक्षात आलं की नाव विसरायला होत नाही.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

शेवट सांगणार नाही, काळजी नको.

सतराव्या शतकातला एक भला मोठा वाडा आहे. फ्रेंचमध्ये शातो म्हणतात, पण तटबुरुजांचा किल्ला डोळ्यांपुढे आणू नका. ही शेतजमिनीच्या मधोमध उभी असलेली टोलेजंग हवेली आहे. तिच्यात एक वृद्ध मार्कीझ म्हणजे सरदारीणबाई, त्यांची मुलगी, नात आणि आणखी काही आप्त राहतात. वाड्याची पार दुर्दशा झालेली आहे आणि डागडुजीला पैसा नाही. म्हणून त्यांनी घराचं हॉटेल केलंय. पण आडबाजूच्या पडक्या हॉटेलात मुक्कामाला कोण येणार?

त्यावर उपाय गावातल्या गॅरेजवाल्या पोराकडे आहे. त्याचा नातीवर जीव जडलाय. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे थांबल्या की तो दुरुस्तीच्या नावाखाली त्या बिघडवतो. मग अत्यंत नम्रपणे सांगतो, की आज काही गाडी होणार नाही, पण जवळच एक सुंदर वाडा आहे, रात्रीची सोय होईल. पाहुणे येतात, खोल्या भरतात, बिलं निघतात. असंच एक दिवस सेझार मारिकोर्न नावाचे गृहस्थ आपल्या दोन साथीदारांसह येऊन पोचतात. स्वतःला बॅरन, म्हणजे सरदार, म्हणवतात. सोबत बँकेवर मारलेल्या डल्ल्याचा पैसा आहे. घरच्यांना त्या पैशाचा सुगावा लागतो आणि खानदानी डोक्यांत नको ते विचार घोळू लागतात. पैसा हवा, तर पाहुण्याचं काय करायचं?

पुढे जे घडतं ते पडद्यावरच पाहा.

फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांचं सगळं संपलं होतं ना? मग 1969 मध्ये ही मार्कीझ कुठून आली?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, आणि उत्तर समजलं की सिनेमा दुप्पट रंगतो.

4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क रद्द करण्याचा निर्णय झाला. जून 1790 मध्ये वंशपरंपरागत पदव्या गेल्या. नेपोलियनने स्वतःचे नवे सरदार केले, पुढच्या राजवटींत पदव्या येत-जात राहिल्या. आज फ्रान्समध्ये कुणी मार्कीझ किंवा काउंट असला तर त्याला त्या पदवीचा एकही विशेष अधिकार नाही. पण माणसं, आडनावं आणि घरं उरली. सगळ्यांची मान गिलोटिनखाली गेली नव्हती, आणि सगळ्यांच्या जमिनीही गेल्या नव्हत्या.

खरा घाव हळूहळू बसला तो वारसा हक्काच्या कायद्याने. जुन्या काळी अनेक सरदार घराण्यांत मिळकतीचा मोठा वाटा थोरल्याला जायचा, त्यामुळे इस्टेट एकसंध राहायची. क्रांतीने ती पद्धत मोडली आणि 1804 च्या नागरी संहितेने मुलांना सारखे वाटे दिले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण तीन-चार पिढ्यांत काय होतं ते आपल्याकडे वाटण्या पाहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. शेतं वाटली जातात, झाडी विकली जाते आणि ज्याच्या वाट्याला वाडा येतो त्याच्या वाट्याला उत्पन्न येत नाही. खंड देणारी जमीन गेली, पण छप्पर तेवढंच राहिलं. चाळीस खिडक्यांच्या घराला चाळीस खिडक्यांचाच रंग लागतो, मालकाकडे पेन्शन असो की जहागीर.

वाडा इतक्या सहजी पाडताही येत नाही. 31 डिसेंबर 1913 च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंना संरक्षण मिळालं. वर्गीकृत वास्तूच्या दुरुस्तीला सरकारी मदत मिळू शकते, पण खर्चाचा उरलेला भार मालकाच्याच माथी येतो, आणि परवानगीशिवाय बदल करता येत नाही. अशा मालकांची ‘ला दमर इस्तोरिक’ ही संघटना 1924 पासून काम करते. म्हणजे हा प्रश्न दोन-चार घरांचा नव्हता.

या लोकांसाठी फ्रेंचमध्ये ‘देझार्जांते’ असा शब्द आहे. ‘आर्जां’ म्हणजे चांदी आणि पैसासुद्धा. ज्याच्याकडचा पैसा संपला तो देझार्जांते. पण हाच शब्द चांदीचा मुलामा दिलेल्या काट्या-चमच्यांनाही लावतात, मुलामा उडून खालचा पिवळट धातू दिसायला लागला की. वापरून वापरून चमच्याच्या टोकाशी, जिथे तो ताटाला घासतो, तिथे आधी मुलामा जातो. घडण तीच, नक्षी तीच, फक्त चकाकी गेलेली. या सिनेमातल्या कुटुंबाचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही.

आपल्याकडे 1971 च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले आणि पुढे किती राजवाड्यांची हॉटेलं झाली हे आपण पाहिलंच आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आज पाहुणे राहतात आणि गंजिफाही पाहतात. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही माणसं परकी वाटत नाहीत.

भामट्याचं काम कुणी केलंय?

इव्ह मोंतां यांनी. 1921 साली इटलीत जन्म, फॅसिस्टांच्या राजवटीत कुटुंब देश सोडून फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात आलं, गरिबीत बालपण गेलं. केशकर्तनालयात काम, गोदीत काम, मग रंगमंचावर गाणं. 1953 च्या क्लूझो यांच्या ‘ल सालेर द ला पर’ या सिनेमात स्फोटकांनी भरलेला ट्रक हाकणारा त्यांचा ड्रायव्हर जगभर गाजला.

गंमत म्हणजे 1969 सालीच त्यांचा ‘झेड’ हा कोस्ता-गावरास यांचा राजकीय सिनेमाही आला. त्यात ते हत्या झालेल्या लोकप्रतिनिधीच्या भूमिकेत आहेत, गंभीर आणि करारी. आणि इथे? सुटाबुटातला, मिठ्ठास बोलणारा, स्वतःच्या थापेवर स्वतःच खूश होणारा बॅरन. दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहा, एकाच वर्षातला एकच माणूस आहे यावर विश्वास बसणार नाही. मोंतां एकट्याच्या बळावर आख्खा संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम पेलणारे कलावंत होते. हात कुठे थांबवायचा, नजर कुठे टाकायची, टाळी येईपर्यंत किती थांबायचं, ही सगळी रंगमंचाची शिदोरी त्यांनी या भामट्याला दिली आहे. मारिकोर्न खोलीत शिरतो तेव्हा तो रंगमंचावरच शिरतो.

नावाकडेही लक्ष द्या. ‘कोर्न’ म्हणजे शिंग. शीर्षकात सैतानाची शेपूट, नायकाच्या नावात शिंग. शिवाय ‘मारी’ म्हणजे नवरा, आणि फ्रेंच विनोदात शिंगं फुटलेला नवरा म्हणजे बायकोने फसवलेला नवरा. बायकांवर छाप पाडत फिरणाऱ्या माणसाला हे नाव मुद्दाम दिलं असावं, असा माझा तर्क आहे.

मग या गोष्टीत खरा भामटा कोण?

माझ्या मते, घरचे. आणि सिनेमाचं सगळं सौंदर्य इथे आहे.

मारिकोर्नने बँक लुटली, तो गुन्हेगार आहेच. पण पाहुण्यांच्या गाड्या बिघडवून त्यांना डांबायचं आणि वर हसून स्वागत करायचं, हा धंदा तो येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. वाटमारीच ती, फक्त चहाच्या कपबशीसकट. उलट ज्याला आपण लुटारू म्हणतो तो वाड्यात आल्यावर हळूहळू भारावत जातो. त्याने आयुष्यभर मिरवलेली खानदानी ऐट इथे खरीखुरी, अंगवळणी पडलेली दिसते. त्यांना हवा आहे त्याचा पैसा आणि त्याला मोह पडलाय त्यांच्या घराचा.

द ब्रोका यातल्या कुणाचीही खिल्ली उडवत नाहीत, म्हणून मला हा सिनेमा इतका प्रिय आहे. गरिबी ही यात हसण्याची गोष्ट नाही. ती लपवताना माणसं जी कसरत करतात, जो थाट टिकवतात, तो हास्यास्पदही आहे आणि लोभसही. गळक्या छपराखाली ताठ मानेने जेवायला बसणं हे नुसतं ढोंग नाही. त्यात एक जिद्द आहे, आणि दिग्दर्शकाने ती ओळखली आहे.

मार्कीझची भूमिका करणाऱ्या बाई कोण?

मादलेन रनो. जन्म 1900, म्हणजे सिनेमाच्या वेळी वय सत्तरीला टेकलेलं. फ्रेंच रंगभूमीवरचं हे नाव किती मोठं आहे ते सांगायला हवं. 1921 पासून पंचवीस वर्षं त्या कोमेदी-फ्रान्सेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत होत्या. 1946 मध्ये नवरा जाँ-लुई बारो यांच्यासोबत स्वतःची नाटक मंडळी काढली. 1963 मध्ये नाटककार सॅम्युअल बेकेटच्या ‘ओ ले बो जुर’ नाटकात, आधी कमरेपर्यंत आणि मग मानेपर्यंत मातीत गाडली गेलेली, तरी ‘काय छान दिवस’ म्हणत राहणारी विनी त्यांनी उभी केली. ती भूमिका त्यांनी पुढे कितीतरी वर्षं केली.

आता ती विनी आणि ही मार्कीझ शेजारी ठेवून पाहा. घर पायाखालून चाललंय, पण बाईंच्या चेहऱ्यावरचा टवटवीतपणा ढळत नाही. मे 1968 च्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी पॅरिसचं ओदेऑन नाट्यगृह ताब्यात घेतलं. त्या प्रकरणानंतर बारोंना तिथलं संचालकपद सोडावं लागलं, आणि या मंडळींचं हक्काचं घर गेलं. सिनेमा पडद्यावर आला तो पुढच्याच वर्षी. घर टिकवायला झटणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेत त्यांना पाहताना मला ते आठवल्यावाचून राहत नाही.

बाकीच्या नटांमध्ये कुणाकडे लक्ष ठेवायचं?

मारिया शेल मार्कीझच्या मुलीच्या भूमिकेत आहेत. व्हिएन्नात जन्मलेल्या या अभिनेत्रीला त्याआधी ‘झेर्वेझ’साठी व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं होतं. नात म्हणजे मार्त केलर, तेव्हा विशीतली स्विस मुलगी, जी पुढे 1976 च्या ‘मॅरेथॉन मॅन’मध्ये हॉलिवूडला पोचली. गॅरेजवाला म्हणजे झाव्हिए जेलॅं.

जाँ रोशफोर आणि जाँ-पिएर मारिएल हे दोघं मात्र मुद्दाम पाहा. फ्रेंच विनोदातली ही जोडी, दोघांचेही आवाज एकदा ऐकले की विसरत नाहीत. रोशफोर घरातले, मारिएल आलेले पाहुणे. आणि क्लोद पिएप्लू हे आणखी एक पाहुणे. फ्रेंच माणूस त्यांचा आवाज ऐकला की आधीच हसू लागतो, कारण 1968 पासून टीव्हीवर गाजलेल्या ‘ले शादोक’ या कार्टून मालिकेचे निवेदक तेच.

फिलिप द ब्रोका कोण? त्यांचं आणखी काय पाहिलेलं असू शकेल?

1933 ते 2004. छायाचित्रण-सिनेमाचं शिक्षण घेतलं, सक्तीच्या लष्करी सेवेत अल्जीरियाच्या युद्धात कॅमेरा घेऊन गेले. तिथे जे पाहिलं त्यानंतर लोकांना हसवायचं हेच आपलं काम, असं त्यांनी मनाशी ठरवलं. परत आल्यावर शाब्रोल आणि त्रुफो या दिग्दर्शकांचे सहायक झाले. जुने संकेत मोडणाऱ्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांच्या ‘न्यू वेव्ह’ या लाटेच्या ऐन गराड्यात राहूनही ते हलक्याफुलक्या सिनेमाकडेच वळले, आणि त्यामुळे समीक्षकांनी त्यांना बराच काळ दुय्यम मानलं. मला तो अन्याय वाटतो. हसू हलकं ठेवायला किती तयारी लागते ते करून पाहणाऱ्यालाच कळतं.

जाँ-पॉल बेलमोंदो या नटाबरोबरचे ‘कार्तूश’ (1962) आणि ‘लॉम द रियो’ (1964) हे त्यांचे धो-धो चाललेले सिनेमे. 1966 चा ‘ल र्वा द कर’ त्यांच्या जिवाभावाचा होता. पहिल्या महायुद्धात ओस पडलेल्या गावाचा ताबा वेड्यांच्या इस्पितळातली माणसं घेतात, अशी त्याची गोष्ट. फ्रान्समध्ये तो साफ पडला. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, ते वेगळं. त्या अपयशानंतर तीन वर्षांनी हा वाडा आला. दोन्हींकडे जगापासून तुटलेली, स्वतःच्या नियमांनी चालणारी एक वस्ती आहे आणि बाहेरून आलेला एक माणूस आहे. मला हे दोन सिनेमे भावंडं वाटतात.

संवादांमागे दानिएल बुलांजे आहेत. कथाकार म्हणून त्यांना 1974 चा कथेसाठीचा गोंकूर हा मानाचा फ्रेंच साहित्य पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक गोदारच्या ‘आ बु द सुफ्ल’ सिनेमातला पोलिस इन्स्पेक्टरही तेच. संगीत जॉर्ज दलरू यांचं.

फ्रेंच येत नसेल तर मजा येईल का?

येईल. अर्धा विनोद चालण्या-बोलण्यात, दारांच्या उघडझापीत आणि चेहऱ्यांवर आहे. सबटायटल्स चांगली मिळवा, एवढंच.

एक गोष्ट मात्र सबटायटलमध्ये हरवते. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, ‘त्यू’ आणि ‘व्हू’. जुन्या खानदानी घरांत नवरा-बायको, आई-मुलंसुद्धा एकमेकांना ‘व्हू’ म्हणतात. इंग्रजीत दोन्हींचा ‘यू’ होऊन सपाट होतो. आजोबा आजीला ‘अहो’ म्हणताना ऐकलेल्या मराठी कानाला तो पीळ लगेच कळतो. पाहुण्याला मारायचा बेत ‘तुम्ही असं करावं, आम्ही तसं करतो’ अशा सुरात शिजत असेल तर त्यातली गंमत भाषांतरापेक्षा आपल्यालाच जास्त जवळची.

घरच्यांबरोबर, मुलांबरोबर बघता येईल?

मोठ्या मुलांबरोबर खुशाल. मारामारी-रक्तपात नाही. 1960च्या दशकातला फ्रेंच मोकळेपणा आहे, छेडछाडीचं बोलणं आहे. लहानग्यांना दीड तास सबटायटल्स वाचवणार नाहीत.

असंच आणखी काही?

जाँ-पॉल राप्नो यांचा 1966 चा ‘ला व्ही द शातो’ नक्की पाहा. तिथेही पडका वाडा आहे, नॉर्मंडीत, 1944 साली, दोस्त सैन्य उतरण्याच्या बेतात असताना. कात्रीन दनव्ह आणि फिलिप न्वारे यांच्या भूमिका. हेच राप्नो ‘लॉम द रियो’च्या पटकथेतही होते. 1993 च्या ‘ले व्हिझितर’मध्ये मध्ययुगातला सरदार आजच्या काळात येतो आणि पाहतो तर त्याच्या किल्ल्याचं आलिशान हॉटेल झालंय, मालक कोण तर त्याच्याच नोकराचा वंशज. तो विनोद धांगडधिंग्याचा आहे, पण दुखणं तेच.

तो वाडा खरा आहे का? आज तिथे जाता येतं का?

खरा आहे. शातो द फ्लेशेर. ल्योंच्या उत्तरेला, एन विभागात, साओन नदीच्या पूर्वेला फारॅं नावाचं गाव आहे, तिथे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ल्योंमधल्या जाँ द सेव्ह या बड्या प्रोटेस्टंट असामीने तो बांधला. मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा उंच आहे, कारण वरच्या मजल्यावर प्रोटेस्टंटांचं प्रार्थनागृह होतं. सिनेमात तो वाडा समोरून दिसतो तेव्हा हे उंच छप्पर लगेच नजरेत भरतं. घरातल्या लोकांना ज्याची धास्ती आहे ते हेच छप्पर.

पुढे वाड्याची अवस्था खरोखरच वाईट झाली. 1990च्या दशकाच्या अखेरीस जुन्या वास्तूंचं वेड असलेल्या दोघांनी तो विकत घेतला आणि दुरुस्ती सुरू केली. आता तो हंगामात लोकांना पाहता येतो. जाण्याआधी वेळा तपासून घ्या.

दुरुस्ती चालू असताना भिंतींवरच्या नंतरच्या थरांखाली जुनी चित्रं सापडली. 1632 साली पिएत्रो रिक्की या इटालियन चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रं, शिकारीच्या देखाव्यांसकट, खोल्यांमागून खोल्या. द ब्रोकांची मंडळी कॅमेरे घेऊन आली तेव्हा कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा, मार्कीझ आणि कंपनी परक्याच्या पैशावर डोळा ठेवून खलबतं करत असताना, वाड्याच्या भिंतींकडे एकदा नजर टाका. चित्रं तेव्हाही तिथेच होती.